पेंग्विनांची नाडी पाहणारा डॉक्टर

अंटार्क्टिकाला लागून असलेल्या रॉस समुद्रात साडेपंधरा लाख चौरस किलोमीटरचे एक राखीव क्षेत्र आहे. आकाराने ते भारताच्या जवळजवळ निम्मे भरेल. त्यातल्या सुमारे ७२ टक्के भागात १ डिसेंबर २०१७ पासून व्यापारी मासेमारीला पूर्ण बंदी आहे. या पाण्यावर कोणा एका देशाची सत्ता सर्वमान्य नाही. तरीही चोवीस देश आणि युरोपीय महासंघ यांनी एकमताने ही बंदी स्वतःवर घालून घेतली. त्या यादीत अमेरिका आहे तसा रशियाही आहे, चीन आहे आणि आपला भारतही आहे. एरवी एका टेबलावर बसायला कुरकुर करणारी ही मंडळी पेंग्विन आणि मासे यांच्यासाठी एकत्र कशी आली, हे शोधत मागे गेले, की वाटेत एक डॉक्टर भेटतात. क्षयाने फुप्फुस पोखरलेले, हाताने सुंदर चित्रे काढणारे आणि वयाच्या ३९व्या वर्षी त्याच बर्फात मरण पावलेले डॉ. एडवर्ड विल्सन.

कॅप्टन स्कॉट यांच्याबरोबर दक्षिण ध्रुवावरून परतताना मेलेल्या पाच जणांपैकी एक, एवढीच विल्सन यांची ओळख बहुतेकांना असते. मला त्यांच्या मरणापेक्षा त्यांची काम करण्याची पद्धत अधिक महत्त्वाची वाटते.

२३ जुलै १८७२ रोजी इंग्लंडमधल्या चेल्टनहॅम येथे त्यांचा जन्म झाला. वडील डॉक्टर. दहा भावंडांत हे पाचवे. लहानपणापासून रानात भटकायचे, पक्षी बघायचे आणि घरी येऊन चित्र काढायचे, हा नाद. चित्रकला कुणाकडे रीतसर शिकले नाहीत. केंब्रिजमध्ये निसर्गविज्ञानात पहिला वर्ग मिळवून १८९५ मध्ये ते लंडनच्या सेंट जॉर्जेस हॉस्पिटलमध्ये वैद्यकीच्या शिक्षणासाठी दाखल झाले. दिवसभर वॉर्ड आणि संध्याकाळी बॅटरसीच्या गरीब वस्तीत मुलांसाठी चालणाऱ्या सेवाकेंद्रात काम, असा दिनक्रम होता. १८९८ मध्ये त्यांना फुप्फुसाचा क्षय असल्याचे निदान झाले. संसर्ग बहुधा त्या वस्तीतूनच झाला असावा. आजही आमच्या सरकारी रुग्णालयांतल्या निवासी डॉक्टरांना आणि परिचारिकांना क्षय होतो, तेव्हा मला यात नवल वाटत नाही.

फरक एवढाच, की आज आपल्याकडे सहा महिन्यांची औषधे आहेत. तेव्हा रॉबर्ट कॉख यांनी जंतू शोधून सोळा वर्षे झाली होती, पण त्या जंतूला मारणारे औषध यायला आणखी साडेचार दशके लागणार होती. उपाय एकच, थंड कोरडी हवा आणि विश्रांती. विल्सन नॉर्वेला गेले, मग स्वित्झर्लंडमधल्या दावोसला. बरे होऊन परतले, १९०० मध्ये पदवी घेतली आणि पुढच्याच वर्षी स्कॉट यांच्या ‘डिस्कव्हरी’ जहाजावर दुसरे डॉक्टर, प्राणिशास्त्रज्ञ आणि चित्रकार अशा तिहेरी नेमणुकीसाठी उभे राहिले. वैद्यकीय तपासणी मंडळाने फुप्फुसाचा इतिहास पाहून नापसंती दाखवली. मंडळात मी असतो, तर मीही तेच लिहिले असते. स्कॉट यांनी तरीही त्यांना घेतले. १६ जुलै १९०१ रोजी ओरियाना सूपर यांच्याशी लग्न झाले आणि तीन आठवड्यांत नवरदेव जहाजावर चढले.

त्या वर्षी नोव्हेंबरात जहाज मॅक्वेरी बेटावर थांबले. न्यूझीलंड आणि अंटार्क्टिका यांच्या मधल्या समुद्रातले हे एकाकी बेट पेंग्विनांनी गजबजलेले होते. न्यूझीलंडमधल्या जोसेफ हॅच या व्यापाऱ्याने तिथे वाफेची मोठी पिंपे बसवली होती. पेंग्विन मारून त्यांत उकडायचे आणि चरबीचे तेल काढायचे, असा धंदा. एका पक्ष्यामागे मिळायचे जेमतेम अर्धा लिटर तेल. विल्सन पुढे इंग्लंडला परतल्यावर १९०५ मध्ये लंडनच्या आंतरराष्ट्रीय पक्षिशास्त्र परिषदेत बोलले, तेव्हा त्यांनी पेंग्विनांच्या या कत्तलीचा प्रश्न तिथे मांडला. ज्या बेटाशी जमलेल्यांपैकी बहुतेकांच्या देशांचा काही संबंध नव्हता, तिथल्या पक्ष्यांबद्दल अनेक देशांच्या शास्त्रज्ञांनी मिळून काही करावे, ही अपेक्षा त्या काळी नवीच होती.

‘डिस्कव्हरी’ मोहिमेत दोन हिवाळे गेले. पहिल्याच हिवाळ्यानंतर काही जणांच्या हिरड्या सुजल्या, पायांवर काळेनिळे डाग आले. स्कर्व्ही. ‘क’ जीवनसत्त्वाची ओळख पटायला अजून जवळपास तीन दशके होती आणि डबाबंद मांस किंचित नासल्याने हा आजार होतो, असे डॉक्टरही मानत होते. सीलचे ताजे मांस सुरू केल्यावर माणसे सुधारली. कारण माहीत नव्हते, उपाय मात्र सापडला होता. नंतर स्कॉट, शॅकल्टन आणि विल्सन असे तिघे दक्षिणेकडे निघाले आणि ३० डिसेंबर १९०२ रोजी ८२ अंश १७ मिनिटे दक्षिण अक्षांशापर्यंत पोहोचले. परतताना शॅकल्टन यांना थुंकीतून रक्त पडू लागले. विल्सन यांचे डोळे तर वाटेतच गेले होते. बर्फावरून परावर्तित होणाऱ्या अतिनील किरणांनी डोळ्याचा पारदर्शक पडदा भाजतो, त्याला हिमांधत्व म्हणतात. काळा चष्मा काढून डोंगरांची रेखाचित्रे काढल्याची ही किंमत होती. वेदना शमवायला कोकेनचे थेंब, डोळ्यांवर पट्टी आणि तशा अवस्थेत घसरगाडी ओढणे चालूच.

त्यांची चित्रे पाहिली, की एक गोष्ट लक्षात येते. ती सजवलेली नाहीत. हातमोजा काढून काही क्षणांत पेन्सिलने रेषा ओढायच्या, कोणता रंग कुठे हे शब्दांत लिहून ठेवायचे आणि झोपडीत आल्यावर जलरंग भरायचे. वॉर्डात रुग्णासमोर उभे राहून केसपेपर लिहिणारा डॉक्टर हेच करतो. दिसले ते लिहायचे, वाटले ते वेगळे ठेवायचे.

याच मोहिमेत रॉस बेटाच्या पूर्व टोकाला, केप क्रोझियर येथे, एम्परर पेंग्विनांची वसाहत सापडली. विल्सन १९०३ च्या सप्टेंबरात तिथे पोहोचले, तर पिल्ले आधीच बाहेर आलेली. म्हणजे हा पक्षी अंडी घालतो ती ध्रुवीय हिवाळ्याच्या ऐन अंधारात! आज आपल्याला ठाऊक आहे, की अंडे नर सांभाळतो. पायांवर ठेवून, पोटाच्या घडीखाली झाकून, सुमारे ६५ दिवस. अंडे घालण्याआधीचा काळ धरला, तर तो साडेतीन महिन्यांहून अधिक उपाशी असतो आणि या काळात त्याचे वजन ४० टक्क्यांपर्यंत घटते. इतक्या उपासानंतर त्याला समुद्रात भरपूर मासे मिळालेच पाहिजेत. नाही मिळाले, तर तो मरतो किंवा पुढच्या वर्षी वीण टाळतो. पक्ष्याची तब्येत म्हणजे समुद्राची तब्येत, ती अशी.

हा धागा विल्सन यांनी इंग्लंडमध्ये वेगळ्याच निमित्ताने पकडला. स्कॉटलंड आणि उत्तर इंग्लंडच्या माळरानांवर ग्राऊस नावाचे शिकारीचे पक्षी अधूनमधून साथ आल्यासारखे मरत. सरकारने चौकशी समिती नेमली आणि विल्सन यांना क्षेत्रीय निरीक्षक केले. पुढची काही वर्षे हा माणूस टपालाने येणारे मेलेले पक्षी फाडत होता. सुमारे दोन हजार शवविच्छेदने झाली. रेल्वेच्या डब्यात, हॉटेलच्या खोलीत, जिथे असतील तिथे. वजन, पिसांची अवस्था, आतड्यातले जंत, खाल्लेले अन्न, सगळ्याची नोंद. पूर्वी ही जिवाणूंची साथ मानली जाई. समितीने दोष आतड्यातल्या केसासारख्या बारीक जंतावर ठेवला. शॅकल्टन यांनी १९०७ मध्ये आपल्या मोहिमेवर बोलावले, तेव्हा हे काम अर्धवट सोडता येणार नाही म्हणून विल्सन यांनी नकार दिला. ध्रुवावर जाण्याची संधी जंत मोजण्यासाठी नाकारणारा माणूस मला तरी दुसरा माहीत नाही.

१९१० मध्ये स्कॉट यांच्या ‘टेरा नोव्हा’ मोहिमेचे ते शास्त्रीय प्रमुख झाले. २७ जून १९११ रोजी ते हेन्री बॉवर्स आणि अ‍ॅप्सली चेरी-गॅरार्ड यांच्यासह केप क्रोझियरला निघाले. अंतर जाताना सुमारे १०५ किलोमीटर, तेही ध्रुवीय रात्रीत. एम्पररची ताजी अंडी हवी होती. पेंग्विन हा फार आदिम पक्षी असावा आणि त्याच्या गर्भात सरपटणाऱ्या प्राण्यांपासून पक्षी कसे झाले याच्या खुणा दिसतील, असा विल्सन यांचा कयास होता.

तापमान उणे ६० अंश सेल्सियसपर्यंत उतरले. श्वासातली आणि घामातली वाफ गोठून झोपायच्या पिशव्यांचे वजन वाढत गेले. कपडे अंगावरच गोठून पत्र्यासारखे होत. दात इतके वाजले, की चेरी-गॅरार्ड यांच्या दातांतल्या नसा मेल्या. एवढ्यातही विल्सन यांनी आहाराचा प्रयोग चालवला होता. एकाने बिस्किटे जास्त खायची, एकाने पेमिकन म्हणजे चरबीत कालवलेले सुके मांस जास्त, आणि स्वतः विल्सन यांनी लोणी. ध्रुवाच्या प्रवासात माणसाला काय पुरेल, हे ठरवण्यासाठी. नमुना तिघांचा, पण प्रश्न अगदी योग्य होता.

केप क्रोझियरला त्यांनी दगड रचून आडोसा केला. २२ जुलैला वादळ सुरू झाले, तंबू उडाला, मग आडोशाचे कापडी छप्पर फाटून गेले. विल्सन यांचा एकोणचाळिसावा वाढदिवस बर्फाखाली, पिशवीत पडून साजरा झाला. वादळ ओसरल्यावर तंबू काही अंतरावर सापडला, म्हणून तिघे जगले.

त्याआधी वसाहतीपर्यंत पोहोचून त्यांनी पाच अंडी घेतली होती. दोन चेरी-गॅरार्ड यांच्या हातमोज्यांतच फुटली. उरलेल्या तीन अंड्यांचा अहवाल १९३४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यातून उत्क्रांतीच्या ज्ञानात फारशी भर पडली नाही. विल्सन यांचा कयास चुकीचा होता. पण त्या अंधारात त्यांनी आणखी एक गोष्ट केली होती. पक्षी मोजले होते. ‘डिस्कव्हरी’च्या वेळी तिथे सुमारे दोन हजार पक्षी दिसले होते, या वेळी जेमतेम शंभर. काही पक्षी अंड्याऐवजी बर्फाचा गोळाच पायांवर घेऊन उबवत होते. अंड्यापेक्षा हा आकडा जास्त काळ टिकला.

रक्तदाब एकदा वाढलेला दिसला, म्हणून आपण लगेच जन्मभराची गोळी सुरू करत नाही. पुन्हा पुन्हा मोजतो. वसाहतीचेही तसेच. २००१ मध्ये एक प्रचंड हिमनग केप क्रोझियरजवळ येऊन अडकला आणि एम्पररचे प्रजननाचे ठिकाणच मोडले. नंतर हळूहळू वसाहत सावरली. निसर्गाचा तात्पुरता धक्का कोणता आणि माणसाने केलेली कायमची झीज कोणती, हे सांगायला अशा नोंदींची लांब मालिका लागते. तिची पहिली पाने विल्सन आणि त्यांच्या सोबत्यांची आहेत.

पुढचा भाग सर्वश्रुत आहे. १७ जानेवारी १९१२ रोजी पाच जण दक्षिण ध्रुवावर पोहोचले, तर नॉर्वेची तुकडी महिनाभर आधी येऊन गेलेली. परतताना एडगर इव्हान्स गेले, मग ओट्स. डॉक्टर म्हणून विल्सन यांच्याकडे करण्यासारखे फार थोडे होते. रोज हजारो कॅलरींची तूट, हिमदंश, ताज्या अन्नाचा अभाव, वर त्यांच्या स्वतःच्या पायाचा स्नायुबंध दुखावलेला. शेवटी स्कॉट यांनी त्यांच्याकडून अफूच्या गोळ्या मागून घेऊन सगळ्यांत वाटल्या. नोंदींवरून दिसते, की तंबूतल्या तिघांनी त्या वापरल्या नाहीत. मार्चच्या अखेरीस, अन्नसाठ्यापासून सुमारे १८ किलोमीटरवर, ते संपले. नोव्हेंबरात शोधपथकाला तंबू सापडला, तेव्हा घसरगाडीवर सुमारे १६ किलो दगड होते. मरणाच्या दारातही टाकून न दिलेले. त्यात ग्लॉसोप्टेरिस या वनस्पतीचे जीवाश्म होते. आपल्या चंद्रपूर-वर्धा खोऱ्यातल्या कोळशाच्या थरांतही तीच पाने आढळतात, कारण एकेकाळी ही सगळी भूमी जोडलेली होती.

मॅक्वेरीचे काम चेरी-गॅरार्ड यांनी पुढे नेले. वृत्तपत्रांतून पत्रे लिहिली, इतरही सामील झाले आणि पहिल्या महायुद्धानंतर तेलाचा परवाना पुन्हा दिला गेला नाही. १९३३ मध्ये बेट अभयारण्य झाले. आता त्याच्या भोवतीचा समुद्रही राखीव आहे. पण ते सोपे होते. बेट ऑस्ट्रेलियाचे, निर्णय ऑस्ट्रेलियाचा. अंटार्क्टिकाचे काय? तिथे सात देशांचे हक्काचे दावे आणि काही तर एकमेकांवर चढलेले. १९५९ मध्ये बारा देशांनी करार करून हे दावे जिथल्या तिथे गोठवले आणि विज्ञानाला वाट मोकळी केली. सत्तरच्या दशकात सोव्हिएत जहाजे तिथले क्रिल, म्हणजे कोळंबीसारखे बारीक जीव, जाळ्यांनी उपसू लागली. देवमासे, सील, पेंग्विन सगळे प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष याच क्रिलवर जगतात. म्हणून १९८० मध्ये कॅनबेरा येथे आणखी एक करार झाला. त्याचे वैशिष्ट्य असे, की मासा किती पकडायचा हे फक्त माशाकडे बघून ठरवायचे नाही, त्याला खाणाऱ्यांकडेही बघायचे. या कराराचा आयोग टास्मानियातल्या होबार्ट शहरी बसतो. १९८९ पासून त्याचा एक पाहणी कार्यक्रम चालतो. अ‍ॅडेली पेंग्विन वसाहतीवर परतताना किती वजनाचे आहेत, पोटात काय आहे, अन्न शोधायला किती वेळ बाहेर राहतात, पिल्ले किती जगली, त्यांचे वजन किती. विल्सन यांच्या ग्राऊसच्या वह्यांची आठवण यावी असा हा तक्ता आहे.

या आयोगात निर्णय एकमताने होतो. एकाने नाही म्हटले, की नाही. रॉस समुद्राचा प्रस्ताव न्यूझीलंड आणि अमेरिकेने मांडला. २०१३ मध्ये जर्मनीत खास बैठक झाली, तिथे आयोगाला असे क्षेत्र राखण्याचा अधिकारच आहे का, असा प्रश्न रशियाने उभा केला. आकार कापला गेला, पुढे थोडा वाढवला गेला, टूथफिश या महागड्या माशाच्या जहाजांना काही भाग मोकळा ठेवला, संशोधनापुरत्या मासेमारीसाठी वेगळे पट्टे आखले. चीन २०१५ मध्ये तयार झाला, रशिया २०१६ मध्ये. त्या वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस मंजुरी मिळाली. जगातल्या एम्परर पेंग्विनांपैकी सुमारे चतुर्थांश आणि अ‍ॅडेलींपैकी सुमारे तृतीयांश रॉस समुद्राच्या आधाराने राहतात, हे आकडे वाटाघाटींत पुन्हा पुन्हा पुढे आले. भावनेला नकार देता येतो, शंभर वर्षांच्या नोंदींना देणे जरा अवघड जाते.

व्यवस्थापन कसे चालते? तिथे गस्त घालणारे एकच पोलीस दल नाही. परवानगी असलेल्या टूथफिशच्या जहाजांवर दुसऱ्या देशाचा निरीक्षक असतो, जहाजाची जागा उपग्रहावरून कळते, पकडलेल्या माशाबरोबर बाजारापर्यंत कागद जातो. क्षेत्राचा किमान दर दहा वर्षांनी आढावा घ्यायचा आहे. आणि मुदत आहे ३५ वर्षांची. कायमचे हवे असणारे आणि नकोच असणारे यांच्यातली ती तडजोड. मला ती खटकते. टूथफिश चाळीस-पन्नास वर्षे जगतो, त्याच्या एका आयुष्याइतकीही ही मुदत नाही.

राखीव क्षेत्राने तापमानवाढ थांबत नाही, हेही सांगायला हवे. २०२२ मध्ये अंटार्क्टिकाच्या दुसऱ्या बाजूला, बेलिंगहाउझेन समुद्रात, समुद्रावरचा बर्फ वेळेआधी फुटला आणि पाचपैकी चार एम्परर वसाहतींतली सगळी पिल्ले दगावली. मूत्रपिंड अशक्त झालेल्या रुग्णाला आपण वेदनाशामक गोळ्या बंद करायला सांगतो. त्याने मूत्रपिंड पूर्ववत होत नाही, वरचा भार कमी होतो आणि दिवस वाढतात. मासेमारी थांबवण्याचा अर्थ तेवढाच आहे, आणि तो कमी नाही.

भारत या आयोगाचा १९८६ पासून सदस्य आहे. आपल्या अंटार्क्टिक मोहिमांचा कारभार गोव्यातल्या वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रातून चालतो. पूर्व अंटार्क्टिका आणि वेडेल समुद्र ही आणखी दोन क्षेत्रे राखण्याच्या प्रस्तावांना भारताने २०२१ मध्ये सहप्रस्तावक म्हणून पाठिंबा दिला. ते प्रस्ताव वर्षानुवर्षे होबार्टच्या टेबलावर येतात आणि एकमताअभावी परत जातात.

केप क्रोझियरचा किनारा स्वतंत्रपणे संरक्षित आहे, तिथे परवान्याशिवाय पाऊल टाकता येत नाही. विल्सन यांनी रचलेल्या त्या आडोशाचे दगड ऐतिहासिक स्मारकांच्या आंतरराष्ट्रीय यादीत २१व्या क्रमांकावर आहेत. रॉस समुद्राच्या बंदीची मुदत २०५२ मध्ये संपते. ती वाढवायची तर तेव्हाही सगळ्यांचे एकमत लागेल.